‘अनुकूलतम’ की ‘इष्टतम’?

प्रश्न असा आहे: यंत्राची समीकरणं पुरती ठाऊक नसताना मोजलेल्या विदेवरून (डेटावरून) त्याचा कमीत कमी खर्चाचा नियंत्रक शिकणं, या ‘डेटा-ड्रिव्हन अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिमल कंट्रोल’ला ‘विदाधारित अनुकूली अनुकूलतम नियंत्रण’ म्हणावं का, आणि ‘अननोन डायनॅमिक्स’ला ‘अज्ञात गतिकी’ चालेल का?

‘अनुकूली’ ठेवावं, ‘अनुकूलतम’ काढावं. अनु + कूल म्हणजे काठाला धरून जाणारं, काठ वळेल तसं वळणारं. अ‍ॅडॅप्टिव्ह नियंत्रकाचं काम नेमकं हेच. ‘तम’ लागला की मात्र अर्थ ‘सगळ्यात सोयीचं’ असा होतो, जसं बी रुजायला अनुकूलतम तापमान. शिवाय ‘अ‍ॅडॅप्टेशन’ आणि ‘ऑप्टिमायझेशन’ दोन्हींचं ‘अनुकूलन’ होऊन बसतं, आणि या विषयात दोन्ही शब्द एकाच वाक्यात लागतात.

त्याजागी ‘इष्टतम’ हवा. इष्ट म्हणजे इच्छिलेलं. तेव्हा कुणी इच्छिलेलं, हा प्रश्न शब्दातच आला. ‘सर्वोत्तम’मध्ये तो येत नाही. कोणताही नियंत्रक सरसकट उत्तम नसतो. यंत्राची स्थिती (वेग, कोन असे आकडे) शून्यापासून ढळली तर किती दंड आणि इनपुट (नियंत्रकाने यंत्राला दिलेला जोर) वापरला तर किती, हे क्यू आणि आर या दोन मॅट्रिक्स (आकड्यांचे तक्ते) निवडून आपणच ठरवतो. आर वाढवला की त्याच यंत्राला मवाळ नियंत्रक इष्टतम ठरतो. (अर्थशास्त्रात ‘पर्याप्त लोकसंख्या’ रुळली आहे, पण ‘पर्याप्त’चा ‘पुरेसं’ हा अर्थ इथे घात करील.)

‘अज्ञात गतिकी’ मला खटकतं. गतिकी हे शास्त्राचं नाव. आणि ‘अज्ञात’ म्हटल्यावर प्रणालीबद्दल काहीच ठाऊक नाही असं वाटतं. रेषीय प्रणालीत प्रत्यक्षात स्थितीचे घटक किती हे ठाऊक असतं, ते मोजताही येतात; ठाऊक नसतात ते स्थिती कशी बदलते हे सांगणाऱ्या समीकरणातल्या ए आणि बी मॅट्रिक्समधले आकडे. तिथे ‘अज्ञात गुणकांची प्रणाली’ म्हणावं, अरेषीय असेल तर ‘अज्ञात गतिनियमांची’.

‘विदाधारित’ योग्यच आहे, पण विदेचा आधार नेमका कुठे, ते पाहू. क्लाइनमन यांनी १९६८ मध्ये रिकाटी समीकरण (ज्यातून इष्टतम नियंत्रक निघतो ते) टप्प्याटप्प्याने सोडवण्याची रीत दिली: प्रणालीला स्थिर ठेवणारा एक गुणक के (स्थितीवरून इनपुट ठरवणारा) घ्यायचा, त्याच्यासाठी खर्चाची, म्हणजे एकूण दंडाची, मॅट्रिक्स पी काढायची, पी-वरून सुधारलेला के, पुन्हा पी. यात ए आणि बी लागतात. यू जिआंग आणि झोंग-पिंग जिआंग यांनी २०१२ मध्ये त्यांच्या जागी मोजलेल्या स्थिती-इनपुटची संकलनं (इंटिग्रल) ठेवली. प्रत्येक फेरीत पी आणि नवा के एकदमच लघुतम वर्गाने (लीस्ट स्क्वेअर्स) निघतात. चार स्थिती आणि एक इनपुट असेल तर सममित पी-चे १० आणि के-चे ४, असे १४ अज्ञात. म्हणजे मोजणीचे किमान १४ कालखंड हवेत. व्यवहारात त्याहून बरेच जास्त घ्यावेत.

इथे आणखी एक शब्द फसवतो: ‘नॉइज’. मोजणीत शिरणारा गोंगाट नकोसा असतो. पण शिकण्याच्या काळात इनपुटमध्ये वेगवेगळ्या वारंवारतांच्या साइन लहरींची बेरीज मुद्दाम मिसळतात, तिलाही इंग्रजीत नॉइजच म्हणतात. मराठीत तिला ‘उद्दीपन’ म्हणावं, कारण ती नसेल तर गणितच अडतं. इनपुट केवळ स्थितीचा ठरावीक गुणाकार राहिला की विदेचे स्तंभ एकमेकांवर अवलंबून होतात, मॅट्रिक्सची कोटी (रँक, म्हणजे स्वतंत्र स्तंभांची संख्या) कमी पडते आणि एकमेव उत्तर मिळत नाही. कालखंड वाढवूनही उपयोग नाही. उद्दीपनच बदलावं लागतं. लागोपाठच्या दोन पी-मधला फरक ठरवलेल्या मर्यादेखाली आला की ते थांबवायचं. सुरुवातीचा के स्थिर ठेवणारा नसेल तर मात्र ही रीतच लागू होत नाही. तिथे मूल्य-पुनरावृत्तीकडे (व्हॅल्यू इटरेशन, जिला असा के लागत नाही) वळावं लागतं.

राहिला ‘अनुकूली’चा एक बारकावा. वरच्या रीतीत विदा एकदाच गोळा करून सगळ्या फेऱ्यांत तीच वापरता येते. नंतर यंत्राचे गुणक बदलले, भार वाढला किंवा झीज झाली, तर जुना के तसाच राहतो. अशा वेळी काठ वळला आणि नियंत्रक सरळच गेला. म्हणून एकदाच शिकून थांबणाऱ्या रचनेला मी नुसतं ‘विदाधारित इष्टतम नियंत्रण’ म्हणेन. ‘अनुकूली’ हे विशेषण चालू कामात पुन्हा विदा घेऊन के बदलणाऱ्या रचनेसाठी राखावं.