लाकडी आगगाडी घेताना

प्रश्न: मिरज जंक्शनवर गाड्या पाहिल्यापासून अडीच वर्षांच्या नातवानं लाकडी आगगाडीचा हट्ट धरलाय. कोणती घ्यावी? (एक आजी, सांगली)

उत्तर: आजी, आधी खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि वय बघा. ‘३ वर्षांपुढील’ लिहिलं असेल तर आत्ता नको. डब्यांची चुंबकं नखानं ओढून बघा. जरा जरी हललं तरी तो सेट परत ठेवा. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याला चिमटा बसून भोक पडतं. रूळ थोडे पुरतात: ४५ अंशांचे ८ वळणदार तुकडे जोडले की गोल पूर्ण होतो. पूल-बोगदे नंतर. डबे एकमेकांना ढकलू लागले तर तो बिघाड नव्हे, डबा उलटा फिरवून लावा. आणि धुऊ नका. लाकूड फुगलं की सांधे बसत नाहीत.