मुलगी १२ वर्षांची आहे. एचपीव्हीची लस आत्ताच द्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरविरुद्धच्या या लशीवरून रोज वाद होतो, डॉक्टर म्हणतात देऊन टाका, घरचे म्हणतात एवढ्यात काय घाई आहे. त्यात लस घेऊन मुली दगावल्याचा एक मेसेज फिरतोय. नाशिकमध्ये कुणी दिली असेल तर सांगा, म्हणालात, म्हणून लिहिते.

मी दिली. इंदिरानगरला राहते, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, वैद्यकीय शिक्षण काही नाही. मुलीला २०२३ मध्ये दिली, तेव्हा तिला अकरा पूर्ण झाली होती. पण त्याआधी पाच-सहा महिने मीही तुमच्यासारखाच घोळ घातला, हे आधीच कबूल करते.

घोळ संपला तो मावशीमुळे. माझी मावशी निफाड तालुक्यातली. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि परत अंगावरून जायला लागलं. तिने कुणाला सांगितलंच नाही. "उष्णता असेल" म्हणून सब्जा भिजवून पीत राहिली. मग गावाजवळच्या एका दवाखान्यात गेली, तिथे आतून तपासणी न करताच रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या, त्यात आणखी काही महिने गेले. नाशिकला आणली तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बराच पसरला होता. रेडिएशनचे शेक झाले, वर्षभर येरझाऱ्या झाल्या, आणि ती गेली. शेवटपर्यंत शेजारणींना "पोटाचा त्रास आहे" असंच सांगायची. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १,२७,००० बायकांना हा कॅन्सर झाला आणि ८०,००० च्या आसपास बायका दगावल्या. हा आकडा वाचते तेव्हा मला मावशीचं ते "पोटाचा त्रास" आठवतं.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हेराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने हा संबंध दाखवला, त्याबद्दल त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. विषाणू अगदी सर्रास आढळणारा. शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींच्या मात्र ठाण मांडून बसतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यामुळे ज्या वयात त्रास होतो त्या वयात त्याचं मूळ कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता तुमच्या घरातला आक्षेप. आमच्याकडेही शब्द न् शब्द तोच होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरगी अजून बाहुल्यांशी खेळते, तिला ही असली लस? तिचं काय लग्न ठरलंय का?" मी त्यांना समजावलं की लस आधीपासून शरीरात असलेल्या विषाणूला काही करत नाही, फक्त नवा शिरू देत नाही, म्हणून विषाणूची गाठ पडायच्या कितीतरी आधी द्यायची. नऊ ते चौदा या वयात शरीर लशीला जास्त चांगला प्रतिसादही देतं. त्या ऐकत होत्या. त्यांचं माहेर पिंपळगावजवळचं, जन्म द्राक्षबागेत गेलेला. जरा वेळाने म्हणाल्या, "म्हणजे द्राक्षावरच्या डावणी रोगासारखंच की. पानावर डाग पडल्यावर फवारलं तर बाकीची पानं वाचतात, डागाचं काही होत नाही." मी तीन रात्री इंटरनेट वाचून जे मांडू शकले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. नंतर त्यांनी विषय काढला नाही.

"लस दिली तर मुलं मोकाट सुटतील" असंही ग्रुपवर कुणीतरी लिहिलं असेलच. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं म्हणून कुणी गंजक्या खिळ्यांवर नाचत नाही. शिवाय आपली मुलगी कितीही सरळ मार्गाने चालली तरी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा आधीचा हिशोब आपल्याला कोण देणार? माझी मावशी आयुष्यभर एकाच घरात, एकाच माणसाबरोबर राहिली.

मेसेजबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तो पूर्ण खोटा नाही. २००९ मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत एका प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यातल्या सात मुली पुढे दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. एक बुडून गेली होती, एक साप चावून, कुणी कीटकनाशक पिऊन. पण त्याच चौकशीत दुसरी गोष्ट पुढे आली: कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं. माझ्या लेखी तो राग लस देणाऱ्यांच्या वागणुकीवरचा आहे, लशीवर काढायचा नाही. तुम्ही आज विचारून, वाचून ठरवताय, त्या आयांना ती संधीच दिली गेली नव्हती.

याच थांबण्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. त्याच सुमारास दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा वेगळा अभ्यास देशात अनेक ठिकाणी चालू होता. आपल्याकडचं बार्शी आणि पुणेही त्यात होतं. २०१० च्या आदेशाने तोही अडकला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा मागोवा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की विषाणूच्या १६ आणि १८ नंबरच्या मुख्य प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखायला एक डोसही जवळपास तेवढाच उपयोगी पडतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते वीस वयोगटासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे आपल्या मुलींचाही वाटा आहे.

कॅन्सर खरंच कमी होतो का, हे मीही विचारलं होतं. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मूल होत नाही वगैरे अफवेला आधार नाही. लशीत जिवंत विषाणूही नसतो, फक्त त्याचं रिकामं कवच असतं.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. आम्ही पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक दिली. ती २०२३ च्या जानेवारीत आली होती, एका डोसला दोन हजारांच्या आसपास खर्च आला. बाहेरची नऊ प्रकारांवर चालणारी गार्डासिल ९ एका डोसला दहा हजारांच्या घरात होती, ती आमच्या बजेटबाहेर. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, असं सांगितलं. पंधरा पूर्ण झाली की नेहमीच्या वेळापत्रकात तीन डोस येतात, म्हणून "दहावी झाल्यावर बघू" म्हणून ढकलू नका. दंड दोन दिवस दुखला. पहिल्या वेळी उठताना तिला गरगरलं. या वयाच्या मुलींना इंजेक्शननंतर चक्कर येते हे माहीत असल्याने त्यांनी तिला पंधरा मिनिटं बसवूनच ठेवलं होतं. तुमच्याकडे घाईत उठवलं तर उठू देऊ नका. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते का, हे पैसे भरण्याआधी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा तुमच्या आशाताईंना विचारून घ्या.

मुलाला पुढच्या वर्षी दिली, पंधरावं लागायच्या आत. सर्व्हाव्हॅकला मुलांसाठीही मान्यता आहे, आणि हा विषाणू पुरुषांनाही चामखिळी आणि काही प्रकारचे कॅन्सर देतो. नवऱ्याने "त्याला कशाला?" विचारलं. मी म्हटलं, कुणाच्या तरी मुलीसाठी.

मुलीला काय सांगायचं, हे मला सगळ्यात अवघड गेलं. दोन दिवस शब्द जुळवले आणि शेवटी एवढंच बोलले की मावशीआजीला झाला तो आजार तुला होऊ नये म्हणून. ती म्हणाली, "मग तू घेतलीस का?"

मी घेतली नव्हती. माझ्या वयाला लशीपेक्षा गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी महत्त्वाची, तीस ते पासष्ट वयात ती ठरावीक वर्षांनी करायचीच असते, आणि मी बेचाळीस वर्षांत एकदाही केली नव्हती. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे ती चुकत नाही. तिच्या दुसऱ्या डोसच्या आठवड्यात मी माझी करून आले. पाच मिनिटांचं काम होतं. सासूबाईंना अजून नेलेलं नाही. द्राक्षाचा सीझन आटपला की येते, म्हणाल्यात.