लग्नाच्या वाढदिवसाला समुद्रकाठच्या अनोळखी गावात जेवायला हॉटेल कसं शोधावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा दहावा वाढदिवस आठवला. म्हणून आधी एवढंच सांगतो, हॉटेल शोधण्याआधी वेळ ठरवा.

मी तेव्हा महिनाभर आधी समुद्राकडेचं टेबल बुक केलं होतं, रात्री साडेआठचं. पोचलो तर बाहेर मिट्ट काळोख. काचेत आतले दिवे, आमची ताटं आणि आमचेच चेहरे. त्यात डोक्यावर स्पीकर. बायको काहीतरी सांगायला पुढे वाकली, मला ऐकू येईना. तीनदा "काय?" विचारल्यावर ती म्हणाली, "जाऊ दे, काही नाही." ती काय सांगणार होती ते मला आजही माहीत नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

सूर्य बुडाल्यावर समुद्र फार तर अर्धा तास नीट दिसतो. विषुववृत्तापासून लांबच्या गावात थोडा जास्त वेळ. त्या दिवसाचा सूर्यास्त बघा आणि त्याच्या तासभर आधी टेबलावर बसा. किनारा पश्चिमेला आहे ना, तेही नकाशावर पाहून घ्या, नाहीतर सूर्य डोंगराआड जायचा. भरतीची वेळही बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. ऐन ओहोटीला पाणी लांब गेलेलं असतं आणि काही ठिकाणी चिखलाचा वास येतो. भरतीला लाटांचा आवाज टेबलापर्यंत येतो.

उघड्यावर बसायचं असेल तर वाऱ्याचा विचार करा. दुपारी खारे वारे जोरात असतात, संध्याकाळी पडत जातात. मेणबत्ती टिकेल अशी आडोशाची जागा मागा.

आता हॉटेल. रेटिंगच्या आकड्यावर जाऊ नका, गेल्या महिन्याभरात गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. मोसम सरला की समुद्रकाठची हॉटेलं बदलतात, स्वयंपाकीसुद्धा. मग दुपारी चारच्या सुमारास फोन करा, तेव्हा जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि माणूस नीट बोलतो. मी विचारतो: आज ताजी मासळी कुठली आली, संध्याकाळी गाणी वाजवता का, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? "सगळं ताजं आहे" असं उत्तर आलं की मी दुसरीकडे फोन लावतो. "अमुक आहे, तमुक आज मिळालं नाही" असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसतो.

जमलं तर आदल्या दिवशी तिथे नुसता चहा घेऊन या. कुठलं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, कुठे दिवा डोळ्यावर येतो, ते पाच मिनिटांत कळतं. टेबलाचा नंबर सांगून ठेवा. आणि वाढदिवस आहे हे आधीच कळवा, पण टाळ्या-गाणं नको असेल तर तेही स्पष्ट सांगा. माझ्या बायकोला चारचौघांत असं काही झालेलं अजिबात आवडत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही एक गल्ली आत, आठ टेबलांच्या जागी जेवलो. आधी दोघं वाळूत बसून अंधार पडेपर्यंत समुद्र पाहिला, मग चालत गेलो. समुद्र तिथून दिसत नव्हता. पण तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.