काचपंखी फुलपाखरू नेमकं कोणतं?

प्रश्न : कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देच्या मेघवनात पारदर्शक पंखांची फुलपाखरं टिपली. सगळी सारखीच दिसतात. ओळखायची कशी?

उत्तर : आधी पाय बघा. तिथली बहुतेक काचपंखी निम्फॅलिडी कुळातली. त्यांचे पुढचे दोन पाय आखूड, छातीशी दुमडलेले. उभी राहतात ती चारच पायांवर. सहा पाय टेकलेले दिसले तर काचपंखीची नक्कल करणाऱ्या पिअरिडी कुळातल्या फुलपाखराचा संशय घ्या. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, कंगव्यासारख्या असतील तर तो पतंगच.

पुढच्या पंखावर तिरकी पांढरी पट्टी दिसली की लोक लगेच ‘ग्रेटा ओटो’ ही काचपंखीची जात म्हणून मोकळे होतात. घाई नको, तशी पट्टी तिच्या भाऊबंदांनाही असते. खरी ओळख मागच्या पंखाच्या शिरांत, विशेषतः शिरांनी वेढलेल्या मधल्या कप्प्याच्या बाहेरच्या कडेत. नरांच्या त्याच पंखाच्या वरच्या कडेला लांब केसांचा झुबका असतो आणि तिथल्या शिरा सरकलेल्या असतात. म्हणून नराची तुलना नराशीच करा.

त्यासाठी मिटलेल्या पंखांचा, अगदी बाजूने घेतलेला फोटो लागतो. ऑटोफोकस पंखातून आरपार जाऊन मागचं पान पकडतो. फोकस हाताने शिरांवर लावा. समोरून फ्लॅश मारलात तर चकाकीत शिरा हरवतात.

अळी सापडली तर झाडही टिपा. ग्रेटा ओटोची अळी सेस्ट्रमवर वाढते, म्हणजे आपल्या रातराणीच्याच प्रजातीतल्या झुडपांवर.