पाहुण्याच्या पोराले कसं रागवाचं?

"मॅडम, पोट्टा दार लावून बसून राह्यते. बोलत नाही, जेवत नाही. घर बदलवून टाकू का?"

मी समुपदेशक, आणि दसरा उलटला की मला हा फोन ठरलेला. गाव बदलतं, मुलाचा देश बदलतो, प्रश्न तोच. यूथ एक्स्चेंजवर परदेशातली पंधरा ते अठरा वर्षांची मुलं शाळेच्या एका वर्षासाठी येतात, इथल्या कुटुंबांत राहतात, इथल्या शाळेत बसतात. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी हे सगळं सांभाळणारा समन्वयक म्हणजे बहुधा कुणी शिक्षक, डॉक्टर नाहीतर दुकानदार. पोळ्याला बैलांपुढे नाचलेला, महालक्ष्म्यांच्या पंगतीत पुरणपोळी मागून खाल्लेला मुलगा ऑक्टोबरात गप्प झाला की या समन्वयकाचा जीव टांगणीला लागतो.

या गप्प होण्यात नवं काही नाही. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ सालीच लिहिलं होतं, की परक्या मुलखात रुळण्याचा आलेख आधी वर असतो, मग खाली येतो, मग पुन्हा चढतो. आपल्याकडे तो पोळ्याला वर असतो आणि कापूस वेचणीला तळाशी, एवढाच काय तो फरक.

खाली दिलेली हकीकत दोन-तीन घरांची मिळून आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

समन्वयक सर आले ते निर्णय घेऊनच. मुलगा ब्राझीलचा, सोळा वर्षांचा. ऑगस्टात आला. पहिल्या घराची तक्रार आली म्हणून सप्टेंबरअखेर त्याला दुसऱ्या घरी हलवलं. तीन आठवड्यांत दुसऱ्या घरच्या काकूंचीही तीच तक्रार. तिसरं घर जानेवारीसाठी ठरलेलं होतं, ते आत्ताच उघडायचं म्हणत होते.

"दोन्ही घरांत तेच झालं, तर दोन्ही घरं वाईट?" मी विचारलं.

"घरं चांगली आहेत हो. पण आपल्याकडे आलेलं लेकरू खूश असायलाच पाहिजे ना!"

माणसाला त्याच्या 'पाहिजेच'चा हट्ट छळतो असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं काम करणाऱ्याचे कान अशा वाक्यातल्या 'च'वर टवकारतात. मूल खूश असावं ही इच्छा झाली. 'असायलाच पाहिजे' म्हटलं की ते ओझं होतं, आणि मुलाचा उतरलेला चेहरा दिसला की समन्वयक हातात येईल ते करून मोकळा होतो. हाताशी सगळ्यात सोपं काय? घर बदलणं. सरांना एवढंच म्हटलं, "आठवडाभर काही बदलू नका. फक्त लिहा."

वहीत चार रकाने आखून दिले: झोपला-उठला केव्हा, खाल्लं काय आणि कुठे बसून, घराबाहेर कशासाठी गेला, कुणाशी दहा मिनिटांहून जास्त बोलला. 'उदास वाटतो', 'लाजाळू आहे' असली विशेषणं लिहायची नाहीत. सात दिवसांनी वही आली. पहिल्या रकान्यात रोज एकच गोष्ट होती: पहाटे साडेचार-पाचपर्यंत खोलीत दिवा, शाळेला दांडी किंवा शाळेतून आला की दुपारभर झोप. आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजतात तेव्हा ब्राझीलच्या किनाऱ्याकडच्या शहरांत आदल्या रात्रीचे आठ झालेले असतात. मित्र तेव्हा गप्पांना बसतात. पोरगं आळशी नव्हतं, आजारीही नव्हतं. ते देहानं विदर्भात होतं आणि घड्याळानं आपल्या गावी.

फोन काढून घ्यायचा नाही. मग तो शाळेतल्या पोरांचा फोन शोधतो आणि वर खोटं बोलायला शिकतो. त्याच्याशीच बसून ठरवलं: घरच्यांशी व्हिडिओ कॉल रविवारी संध्याकाळी साडेसहाला, तेव्हा तिकडे सकाळचे दहा. रात्री साडेदहानंतर फोन बैठकीत चार्जिंगला, घरातल्या अकरावीच्या मुलाचाही. फक्त पाहुण्याला लावलेला नियम शिक्षा वाटतो.

दुसऱ्या रकान्यात मात्र मला खरी गोम दिसली. ब्रेड-बटर, खोलीत. मॅगी, खोलीत. उकडलेले बटाटे, खोलीत. काकू बिचाऱ्या रोज त्याच्यासाठी वेगळं रांधून ताट खोलीत नेऊन देत होत्या. ज्याच्या घरी दुपारच्या जेवणात भात आणि शिजवलेला घेवडा असतो, त्याला वरण-भात परका नव्हता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मुलाशी बोलणं मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत झालं. घरचे कसे आहेत? खूप चांगले. काही त्रास? नाही. अशा उत्तरांवर किती वेळ घालवायचा! मी विचारलं, "तुझी आई तुला शेवटची कशावरून रागावली?"

तो पहिल्यांदा हसला. "ओला टॉवेल. मी पलंगावर टाकतो."

"आणि इथे?"

तो थांबला. "इथे मी टॉवेल टाकतो आणि परत येतो तेव्हा तो दोरीवर असतो."

बोलता बोलता त्याचा आवाज गेला. इतके दिवस आम्ही सगळे त्याला काय कमी पडतंय ते शोधत होतो. कमी काहीच नव्हतं. त्या घरात त्याच्या असण्या-नसण्यानं कुणाचं काही अडत नव्हतं, एवढंच.

काकूंना हे सांगितलं तर त्या चक्रावल्या. "बाप्पा! पाहुण्याच्या पोराले कसं रागवाचं? लोक काय म्हणतीन?"

"पाहुणा किती दिवसांचा असतो, काकू?"

"चार दिवसाचा."

"हा दहा महिन्यांचा आहे."

मंगळवारी आठवडी बाजार होता. काकूंनी त्याला पिशवी आणि पन्नास रुपये दिले: वांगी, हिरव्या मिरच्या आणि सांबार. सोबत घरातला मुलगा, पण त्यानं तोंड उघडायचं नाही अशी ताकीद. तासाभरानं पिशवी ओट्यावर रिकामी झाली. वांगी बरोबर, मिरच्या बरोबर, आणि सांबार मसाल्याचं पाकीट. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्याच्या फोनला कुठून ठाऊक असणार! काकू भान विसरून ओरडल्या, "अरे पोट्ट्या, सांबार सांगतला तं मसाला काहून आणला? जाय, वापस जाय!" तो खरंच परत धावला आणि दहा रुपयांची जुडी घेऊन आला. त्या रात्री वांग्याची भाजी त्यानं स्वयंपाकघरात खाली बसून खाल्ली, आणि टॉवेलसाठीही त्याच आठवड्यात बोलणी खाल्ली.

माझ्या अनुभवात इथवर पोचलं की निम्मं काम होतं, पण समन्वयकानं ते सणावारावर सोडू नये. मूल आल्यापासून पंधरा दिवसांत त्याच्या नावावर तीन कामं लावून द्या, त्यातलं एक असं हवं की त्यानं नाही केलं तर घराचं अडेल: आजीचा चारचा चहा, नळ येईल त्या दिवशी पाणी भरणं, पोळ्यांना तेल लावणं. शेतावर जरूर न्या, पण फवारणी चालू असेल तेव्हा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते इथे कुणाला सांगायला नको. ट्रॅक्टर नाही, आणि 'गल्लीतच फिरवून आण' म्हणत हाती दिलेली मोटरसायकल तर अजिबात नाही. अशा कार्यक्रमांत गाडी चालवायला बहुतेक बंदी असते, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडतो.

महिन्यातून एकदा मुलाला घराबाहेर भेटा, आणि यजमानांना वेगळं. अमेरिकेत शाळकरी एक्स्चेंजच्या सरकारी नियमांतच दर महिन्याचा असा संपर्क बंधनकारक आहे. काकूंसमोर विचारलेल्या 'कसं चाललंय?'चं उत्तर नेहमी 'छान' येतं.

घर बदलण्यापूर्वी मी तीन गोष्टी बघायला सांगते. हीच तक्रार आधीच्या घरात होती का? वही आठवडाभर लिहिली का? मुलानं स्वतः मागितलं, की त्याच्या आईनं तिकडून? आईचा रडवेला मेसेज आला तर उत्तर त्या देशातल्या समन्वयकामार्फत जाऊ द्या. रात्री दोनला थेट लिहिलेल्या उत्तरांनी प्रकरणं चिघळतात.

एका बाबतीत मात्र वही नाही आणि आठवडाही नाही. अंगाला नकोसा स्पर्श, मारहाण, घरात दारूचा धिंगाणा, कोंडून ठेवणं, यातलं काही कानावर आलं तर त्याच दिवशी मूल तिथून हलवायचं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आधी आपसात बोलून घेऊ' म्हणण्याची सोय नाही. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मुलाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी असावा.

जानेवारीत ठरल्याप्रमाणे तिसऱ्या घरी जायची वेळ आली आणि सरांचा पुन्हा फोन. आवाज पडलेला.

"मॅडम, काकू इचारून राहिल्या, घर बदलवायलाच पाहिजे का?"

हो म्हटलं. तिसऱ्या घरानं खोली रंगवून ठेवली आहे, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कूलर आणि पाण्याची सोय त्याच घरी बरी आहे. मुलाला आठ दिवस आधी सांगा, सामान त्याचं त्याला बांधू द्या. मुक्कामाची माहिती नव्या यजमानाकडून चोवीस तासांत ऑनलाइन भरून घ्या, पत्ता बदलल्याची नोंद परदेशी नोंदणीच्या पोर्टलवर करा. आणि मंगळवारचा बाजार काकूंकडेच ठेवा.