चावी फिरवल्यावर न लागणारा दिवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन महिन्यांपूर्वी साताऱ्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडून तुम्ही २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. टॉप मॉडेल, दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). परवा बॅटरी बदलताना इलेक्ट्रिशियनला दिसलं की चावी ऑन केली तरी चेक इंजिन आणि एअरबॅग हे दोन दिवे लागतच नाहीत. मीटर खोलला तर दोन्हींवर आतून काळी टेप. गाडी वापरावी का आणि विकणाऱ्याला धरता येईल का, हे तुम्हाला हवंय.

टेप अजून जागेवर असेल तर काढू नका. का ते पुढे सांगतो.

मी मिस्त्री नाही, सांगलीत माझा धंदा वेगळा आहे. पण वीस वर्षांत पाच जुन्या गाड्या घेतल्या, त्यातल्या एकीत सपशेल फसलो, आणि तेव्हापासून घरात कुणाला गाडी घ्यायची असली की बघायला मला नेतात. जळालेल्या माणसाला राखेची पारख असते, असं दाजी म्हणतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये मी एक डिझेल सेडान घेतली. ऑगस्ट २०१९ चा महापूर होऊन वर्ष उलटलं होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली. कितीतरी गाड्या काचेपर्यंत बुडाल्या होत्या, हे माहीत असल्यामुळे मी स्पष्ट विचारलं, ‘पुरातली नाही ना?’ ‘छे हो, ही तेव्हा मिरजेत होती.’ इंजिन गुळगुळीत, एसी गार, मीटरवर एक दिवा नाही. घेतली.

चार महिने मजेत गेले. मग एका संकष्टीला आईला गणपती मंदिरात सोडलं. रांग मोठी होती. ऊन होतं म्हणून इंजिन बंद करून, नुसता पंखा चालावा एवढ्यासाठी चावी ऑनवर ठेवली आणि बसून राहिलो. मीटरवर ऑइल आणि बॅटरीचे दिवे लाल. ते बरोबरच, इंजिन बंद होतं. पण त्यांच्या शेजारी एअरबॅगचाही दिवा तसाच जळत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, विझेना. चावी काढली, परत लावली, मनात वीस आकडे मोजले. तेच. सेल्फ मारला आणि बॅटरीचा दिवा व एअरबॅगचा दिवा एकाच क्षणी गेले, जुळ्या भावांसारखे.

मिरजेच्या इलेक्ट्रिशियनने मीटर खोलला. एअरबॅगच्या दिव्याची मूळ वायर कापून ती बॅटरीच्या दिव्याला जोडलेली होती, डाग देऊन, वर व्यवस्थित स्लीव्ह चढवून. तो बघतच राहिला. म्हणाला, ‘ज्यानं केलंय त्यानं लई जीव लावून केलंय बघा.’ मग दोन सीटांमधला कन्सोल काढला. खाली एअरबॅगच्या मॉड्युलच्या (एअरबॅग कधी फुगवायची ते ठरवणाऱ्या डब्याच्या) कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, पिना हिरव्या पडलेल्या, आणि कार्पेटच्या पोटात वाळून पापुद्रे धरलेला बारीक गाळ. सांगलीकराला तो गाळ ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बहुतेक गाड्यांत हे मॉड्युल गाडीच्या मध्यावर, अगदी जमिनीलगत बसवलेलं असतं, धडकेचा झटका नीट मोजता यावा म्हणून. त्यामुळे आत पाणी शिरलं की पहिला घोट त्याच्या वाट्याला येतो.

मी इतकी वर्षं मीटरवर कोणता दिवा लागलाय हेच बघत होतो. बघायला हवं होतं ते कोणता दिवा, कधी, लागत नाही आणि विझत नाही हे. चावी ऑन केली (सेल्फ न मारता) की मीटर सगळ्या दिव्यांची हजेरी घेतो. एबीएस आणि एअरबॅग स्वतःची तपासणी उरकून साधारण तीन ते सात सेकंदांत विझतात, इंजिन बंद असलं तरी. ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन सुरू होईपर्यंत राहतात, आणि बहुतेक गाड्यांत चेक इंजिनचाही. आपण गाडी बघायला जातो तेव्हा विकणारा ती आधीच चालू करून उभी ठेवतो. ‘एसी लावून ठेवलाय साहेब, बसा.’ हजेरी आपण यायच्या आधीच संपलेली असते. आता मी पोचल्यावर पहिल्यांदा गाडी बंद करायला सांगतो, आणि चावी मी फिरवतो.

तुमच्या गाडीतलं काम त्या मानाने ढोबळ आहे. टेप लावणारा आळशी होता, हे तुमचं नशीब. जुन्या मीटरमध्ये छोटे बल्ब पिळून काढता येतात, ते काढून टाकतात. नव्यात एलईडी बोर्डावरच असतात, म्हणून टेप किंवा काळा रंग. हे हजेरीत लगेच सापडतं. माझ्या गाडीसारखी जोडणी बारकाईने बघितली तरच सापडते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे छोटं टायमर सर्किट. ते एअरबॅगचा दिवा बरोबर पाच-सहा सेकंद लावून विझवतं, हुबेहूब खऱ्यासारखा. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. तिथे स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारं यंत्र, लावून थेट एअरबॅगच्या मॉड्युलशी बोलावं लागतं.

आणि सगळ्यात वाईट प्रकार रेझिस्टरचा. अपघातात एअरबॅग फुटली, नवी टाकणं महाग, मग तिच्या जागी साधारण दोन ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला तेवढाच अडथळा करणारा छोटा तुकडा, लावतात. मॉड्युलला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा बरोबर वागतो, स्कॅनरही सगळं ठीक सांगतो, आणि स्टिअरिंगच्या आत पोकळी. तिथे मग डोळेच उपयोगी. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग आणि पोत बाकी प्लास्टिकशी जुळतो का, डॅशबोर्डवर डाव्या बाजूला चिकटवल्याची रेघ आहे का, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरची तारीख गाडीच्या वयाशी जुळते का.

एक खबरदारी घ्या. दिवा लागत नाही म्हणजे लबाडीच, असं दरवेळी नसतं. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत एअरबॅगच नसायची, मग दिवा कुठून लागणार. माझ्या मेहुण्याने याच कारणावरून एका भल्या माणसाशी उगाच भांडण काढलं होतं. तुमच्याकडे मात्र टॉप मॉडेल आणि वर टेप, तेव्हा शंकेला जागा नाही.

आता तुमच्या दोन दिव्यांचं. चेक इंजिनची मला फारशी काळजी वाटत नाही. त्यामागे ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एखादी कॉइल, असलं काहीतरी निघेल. खर्च होईल, जीव जाणार नाही. एअरबॅगचं तसं नाही. तो दिवा जळत असेल तर बहुतेक गाड्यांत यंत्रणा स्वतःला बंद करून घेते, आणि धडक झाली तरी एअरबॅग फुगेलच याची खात्री नाही. दुरुस्त होईपर्यंत गाडीला एअरबॅग नाहीत असं धरून चाला, पट्टा लावा, आणि महामार्गावर खंबाटकीच्या उतारावर मर्दुमकी नको. पिवळ्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना गल्लीतल्या कुणालाही हात लावू देऊ नका, आणि त्यांच्यावर मल्टिमीटर तर अजिबात नाही. त्या मीटरच्या बारीक करंटनेही एअरबॅग फुटू शकते. हे काम बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून करायचं असतं, आणि ज्याला ते माहीत आहे त्यानेच करायचं. ‘साहेब, दिवा घालवून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच पावली परत फिरा. तुमच्या आधीच्या मालकालाही असाच कुणीतरी भेटला असणार.

त्याही आधी ऑइलचा दिवा तपासा. ज्याने दोन दिव्यांवर टेप लावली त्याचा हात तिसऱ्यावर गेला नसेल कशावरून? चावी ऑन केल्यावर ऑइलचा दिवा लागला आणि इंजिन सुरू झाल्यावर गेला, तरच गाडी रस्त्यावर काढा. तापमानाचा काटा असेल तर तो दहा-पंधरा मिनिटांत मध्याकडे सरकतो का बघा. मेल्यासारखा तळाशी पडून राहिला तर तिथेही काहीतरी आहे.

आता पुराव्याचं. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून सक्तीची आहे, म्हणून तुमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असणार. त्यात ब्लूटूथचं स्वस्त डोंगल लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर इंजिनच्या ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) विचारता येतं, दिवा लावायला तू सांगतोयस का? ईसीयू म्हणतो ‘लाव’ आणि मीटर अंधारात, हे एका फ्रेममध्ये आलं की विकणाऱ्याला पळवाट उरत नाही. दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली, हा आकडाही बऱ्याच गाड्यांत मिळतो. तुम्ही घेतल्यापासून झालेल्या किलोमीटरपेक्षा तो जास्त निघाला तर हिशेब तिथेच मिटतो. एअरबॅग आणि एबीएससाठी मात्र हे डोंगल पुरत नाही. ते सहसा फक्त इंजिनशी बोलतं. तिथे तुमच्या कंपनीच्या गाड्या वाचणारा गॅरेजचा मोठा स्कॅनर लागेल, आणि त्याचा छापील रिपोर्ट मागून घ्या, तारीख आणि गाडीच्या नंबरासह.

विकणारा व्यावसायिक आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष माल आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा आणि विकणाऱ्याला स्पीड पोस्टाने लेखी कळवा. गाडी शेजाऱ्याकडून घेतली असती तर हा रस्ता बहुधा बंद होता. एकदाच आपली गाडी विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही. माझं तसंच झालं. मला विकणाऱ्याने व्यवहार थेट आधीच्या मालकाच्या नावावर दाखवला होता, स्वतःची पावती कुठेच नाही. म्हणून तुमच्या कागदांत पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि सहीशिक्का कुणाचा आहे, हे आज रात्रीच काढून बघा. ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट, सगळं ओके’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं असेल तर तो चॅट जपून ठेवा. तोंडी शब्दांपेक्षा तो फार कामाचा.

एक अडचण उरते. तुम्ही नुकतीच बॅटरी बदलली आहे. बॅटरी काढल्यावर इंजिनच्या ईसीयूतले दोषांचे कोड आणि ते किलोमीटर बऱ्याच गाड्यांत पुसले जातात. एअरबॅगच्या मॉड्युलमधले बहुधा टिकतात. त्यामुळे आज डोंगल लावून काही दिसलं नाही तर ‘गाडी ठीक आहे’ असं समजू नका. बॅटरी लावल्यावर ईसीयू स्वतःच्या तपासण्या नव्याने सुरू करतो, त्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत हे अ‍ॅप दाखवतं. त्या पूर्ण होईपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, गाडी नेहमीसारखी चालवा. सकाळी थंड इंजिनवर सुरू करून थोडी शहरात, थोडी वाढे फाट्याच्या पुढे महामार्गावर एकसारख्या वेगात, आणि एकदा यवतेश्वरचा घाट चढून. दोष खरा असेल तर तो परत येईल.

मग गॅरेजमध्ये स्कॅन करा, आणि टेप काढायची ती त्याच दिवशी. गाडीचा नंबर, मीटरवरचे किलोमीटर आणि टेप एकाच व्हिडिओत येऊ द्या, काढणारा हात गॅरेजवाल्याचा असू द्या, तुमचा नको.