कोचला हटवायच्या अर्जावर सही करू का?

प्रिय ताई,

आम्ही मूळचे नाशिकचे, आता न्यू जर्सीत असतो. मुलगी अकरावीत आहे, शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य, बास्केटबॉल टीममध्ये पॉइंट गार्ड (टीमचा खेळ मांडणारी) खेळते. नववीपासूनचा तिचा हा तिसरा कोच. पहिल्या बाई शाळेतच इतिहास शिकवायच्या. पालकांच्या रोजच्या ईमेलना कंटाळून त्यांनी कोचिंग सोडलं. दुसरे गृहस्थ बाहेरचे होते, एका सीझनमध्येच गेले. आता २६ वर्षांची एक मुलगी आहे, कॉलेजात खेळलेली. तिने आल्या आल्या नववीतल्या एकीला पॉइंट गार्ड केलं आणि आमचीला बेंचवर बसवलं. गेल्या वर्षी सामन्याला पंचवीस मिनिटं खेळणारी मुलगी यंदा नऊ-दहा मिनिटांवर आली. माझे मिस्टर दर सामन्याची मिनिटं एक्सेलमध्ये लिहून ठेवतात. एएयूची (शाळेबाहेरच्या क्लब-स्पर्धांची) फी, खासगी ट्रेनर, टूर्नामेंटची हॉटेलं हा खर्च वेगळाच. कॉलेजच्या अर्जात खेळ दिसावा हा हेतू होताच, खोटं कशाला बोलू?

सीझन संपल्यावर काही पालकांनी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय. या कोचची पुढच्या वर्षी नेमणूक करू नये असा अर्ज बोर्ड ऑफ एज्युकेशनला (गावच्या शाळा चालवणारी समिती) द्यायचाय. कारण दिलंय संवादाचा अभाव आणि टीममधलं बिघडलेलं वातावरण. नऊ घरांच्या सह्या झाल्या, आमची राहिलीय. त्यातल्या दोघी आपल्या मराठी मंडळातल्याच, रोज विचारतात. मुलगी म्हणते, 'तुम्हाला काय करायचंय ते करा.' तिचा गुडघाही दुखतोय सध्या, पट्टा लावून खेळते. सही नाही केली तर एकटे पडू, आणि करावीशी वाटत नाही. शाळाच बदलावी का?

– एक आई, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

सही करू नका. कारणं सविस्तर सांगते, कारण मिस्टरांशी आणि त्या दोघींशी बोलताना तुम्हाला ती लागतील.

तुमचं पत्र मी वर बरंच कापून छापलंय. मूळ पत्रात मिनिटांचा हिशेब सामन्यागणिक आहे, कोणाची आई स्टँडमध्ये काय म्हणाली तेही आहे. लेकीचं मात्र अख्ख्या पत्रात एकच वाक्य आहे, आणि तेही 'तुम्हाला काय करायचंय ते करा'. सोळा-सतरा वर्षांची पोर असं केव्हा बोलते हे आईला मी सांगायला नको.

आता मिस्टरांसाठी थोडं गणित. हायस्कूलचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे ३२ मिनिटांचा. कोर्टवर एका वेळी पाच जणी. ३२ पंचे १६०. कोचकडे वाटायला एवढीच मिनिटं असतात. बारा जणींची टीम धरली तर समसमान वाटूनही एकेकीच्या वाट्याला तेरा-सव्वातेरा येतील, आणि व्हर्सिटीत समसमान वाटप करायचं वचन कोणीच दिलेलं नसतं. सह्या करणाऱ्या नऊच्या नऊ घरांना आपल्या मुलीची मिनिटं वाढायला हवी असतील, तर ती काढायची कोणाच्या वाट्यातून? त्या नववीतल्या मुलीच्या, उघडच आहे. तिच्या आईवडिलांना त्या ग्रुपमध्ये घेतलंय का, जरा बघा. घेतलं नसणार.

अर्जात मिनिटांबद्दल अवाक्षर नाही, यालाही कारण आहे. बऱ्याच शाळा सीझनच्या सुरुवातीला पालकांकडून एका कागदावर सही घेतात. मुलीला किती खेळवायचं, डावपेच काय आणि दुसऱ्यांच्या मुली या तीन गोष्टींवर कोचशी चर्चा होणार नाही, आणि सामना संपल्यावर २४ तास कोचला गाठायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. तुम्हीही सही केली असेल, न वाचता. आपण सगळेच करतो. मग मिनिटांची तक्रार 'वातावरण बिघडलं' असा वेष घालून बोर्डापुढे येते.

हे कोच टिकत का नाहीत, ते आपल्या लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. नाशिकच्या शाळेत पी.टी.चे सर म्हणजे कायमचा माणूस. तुमच्या मामाला त्यांनी शिकवलेलं असतं आणि तुमच्या धाकट्या भावालाही. न्यू जर्सीत शिक्षकाला टेन्युअर, म्हणजे नोकरीची कायम हमी, मिळतं, पण कोचिंगला मिळत नाही. ती वर्षाच्या बोलीची नेमणूक: सुपरिंटेंडेंटने (गावच्या शाळांचा मुख्य अधिकारी) शिफारस करायची, बोर्डाने दरवर्षी ठराव करायचा, आणि बदल्यात एक ठरावीक मानधन. त्यासाठी नोव्हेंबर अखेरीपासून मार्च उजाडेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर सराव, आठवड्याला दोन-तीन सामने, रात्रीचा बसप्रवास, घरी आल्यावर पुढच्या टीमचा व्हिडिओ. उन्हाळ्यात समर लीग. मानधन तासांनी भागायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. त्यावर रात्री साडेअकराला कोणातरी बाबांचा ईमेल येतो, खाली जोडलेल्या तक्त्यासकट. तुमच्या त्या इतिहासाच्या बाई बास्केटबॉलला कंटाळल्या नव्हत्या. पालकांना कंटाळल्या, तुम्हीच तसं लिहिलंय.

(आपल्यातले कितीतरी बाबा अमेरिकेला येईपर्यंत बास्केटबॉलच्या वाटेला गेलेले नसतात. मुलगी आठवीत गेली की मात्र त्यांना झोन डिफेन्समधली भोकं दिसायला लागतात.)

आणि कोच बदलला की खरा भुर्दंड पॉइंट गार्डलाच पडतो. कोणता प्ले (ठरवलेली चाल) लावायचा हे तिने हाक देऊन सांगायचं, इतर चौघी कुठे उभ्या राहणार हे तिला पाठ असायला हवं. एक कोच मॅन-टू-मॅन खेळवतो (प्रत्येकीने एकीला अडवायचं), दुसरा टू-थ्री झोन (प्रत्येकीने आपापला भाग राखायचा), तिसरी आल्यावर पहिल्या मिनिटापासून फुल-कोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टभर दबाव). प्लेची नावं बदलतात, हातांच्या खुणा बदलतात. तुमची मुलगी तीन वर्षांत तीनदा पाटी कोरी करून बसलीय. आता निव्वळ स्वार्थाने विचार करा. अर्ज मंजूर झाला, चौथा कोच आला, तर तो उन्हाळ्याआधी काही यायचा नाही. तोवर तुमची बारावीत. नवीन माणसाला टीम उभी करायची असेल तर तो नववी-दहावीच्या मुलींकडे बघेल, जूनमध्ये निघून जाणारीकडे नाही. शिवाय जिथून तीन वर्षांत तीन जण गेले, त्या जागेसाठी चांगला माणूस अर्ज कशाला करेल?

ती २६ वर्षांची आहे आणि बाई आहे, हेही सोडून द्यायला मी तयार नाही. १९७२ साली टायटल नाइन हा कायदा आला आणि अमेरिकेत मुलींच्या खेळाला शाळा-कॉलेजांत हक्काची जागा मिळाली. त्या वेळी कॉलेजांतल्या मुलींच्या टीमना शिकवणाऱ्या कोचांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. आज त्या निम्म्याही नाहीत. पगार आणि प्रतिष्ठा आली तसे पुरुष आले, हे एक कारण. पण एखाद्या तरुण कोचला पहिल्याच वर्षी पालकांनी अर्ज करून घालवलं, तर ती पुन्हा गळ्यात शिट्टी अडकवेल का, हाही विचार करा. तुमच्या मुलींना स्वतः खेळलेली बाई कोच म्हणून मिळालीय. ती चुकत नसेल असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी सगळेच चुकतात, आणि मुलींना नीट समजावून न सांगता बेंचवर बसवणं ही चूक तिने केलीही असेल.

ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणालं असेल की हे सगळं गुपचूप उरकेल. न्यू जर्सीत तसं उरकत नाही. १९७७ च्या राइस खटल्याच्या निकालापासून इथे नियम आहे: एखाद्या कर्मचाऱ्याच्या नोकरीवर परिणाम होईल अशी चर्चा बोर्डाला बंद दाराआड करायची असेल, तर त्याला आधी लेखी कळवावं लागतं. त्यालाच राइस नोटिस म्हणतात. आणि तो कर्मचारी म्हणू शकतो की माझी चर्चा उघड सभेतच करा. म्हणजे गावासमोर, माइकवर. तुमची नावं त्या कोचपर्यंत पोचणार नाहीत असं धरून चालू नका. आणि ती टिकली तर नोव्हेंबरच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) तुमची लेक तिच्यासमोर उभी असेल.

कोचची तक्रार कधीच करू नये, असं नाही. मुलींच्या वजनावरून टोमणे, सगळ्यांसमोर पाणउतारा, दुखापत असताना खेळायची जबरदस्ती, रात्री-अपरात्री खासगी मेसेज, रंगावरून किंवा नावावरून चेष्टा, यातलं काहीही असतं तर मी म्हटलं असतं की नऊ सह्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी, स्वतःच्या नावाने, लेखी, थेट प्रिन्सिपलकडे जा. न्यू जर्सीचा छळविरोधी कायदा २०११ पासून बराच कडक आहे, शाळेला अशी तक्रार आली की चौकशी करावी लागते. पण तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही. आणि मिनिटांसाठी छळाची तक्रार करणारे पालकही असतात. त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारीकडे लोक संशयाने बघतात.

आता गुडघा. तुम्ही तो एका वाक्यात उरकलात, मी तिथेच अडकले. बास्केटबॉलमध्ये मुलींचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातला आतला एक मुख्य लिगामेंट (सांध्याचा बंध), फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. कोणाचा धक्का लागायला नको, उडी मारून खाली येताना गुडघा आत वळला तरी पुरे. ते टाळण्यासाठी सरावाआधी करायचे ठरावीक व्यायाम असतात, पण कोच दरवर्षी बदलला की वॉर्म-अपही बदलतो, आणि कोणत्या मुलीला कधीपासून दुखतंय याची माहिती जुन्या कोचबरोबर निघून जाते. त्यात शाळेचा सीझन संपतो न संपतो तोच एएयू सुरू. विश्रांती कधी? एएयूचा पहिला सराव होण्याआधी स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा, आणि शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला विचारा की त्यांच्या वहीत काय नोंद आहे. मी लांबून अंदाज करतेय, पण हे नक्की विचारा, कारण लेकीने गुडघ्याचं कोचला सांगितलेलं असेल आणि घरी सांगितलं नसेल, तर त्या नऊ मिनिटांचा उलगडा तिथेच होईल. एक्सेलमध्ये तो रकाना नाही.

त्यानंतर लेकीशी बोला. गाडीत नको, सामन्यावरून तर नकोच. तिला एवढंच विचारा की पुढच्या वर्षी तुला खेळायचंय का. उत्तर 'नाही' आलं तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारा. एएयूचे आणि ट्रेनरचे पैसे गेले ते गेले. कॉलेजची आशा म्हणाल, तर हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींतल्या चार-पाच जणी एनसीएएच्या (कॉलेजांतल्या खेळांची राष्ट्रीय संघटना) कुठल्यातरी टीमपर्यंत पोचतात, डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, जेमतेम एखादी. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) खेळाची स्कॉलरशिप देतच नाहीत. आणि महाराष्ट्रात दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात तसा इथल्या कॉलेजच्या अर्जात मिनिटांचा रकाना नसतो. चार वर्षं टीममध्ये टिकली, हे मात्र दिसतं.

उत्तर 'हो' आलं तर तिने स्वतः कोचची वेळ मागायची. तुम्ही पार्किंग लॉटमध्येसुद्धा थांबायचं नाही. 'मला का बसवलं' असं न विचारता तिने म्हणावं, 'पुढच्या सीझनला मी कोर्टवर असावं असं तुम्हाला वाटण्यासाठी मी उन्हाळ्यात काय करू?' कदाचित ऐकायला मिळेल की डावा हात कच्चा आहे, प्रेस आला की बॉल जातो, डिफेन्सला पाय हलत नाहीत. ती घरी येऊन रडेल. रडू द्या. या बोलण्यातून काहीच निघालं नाही तर मग तुम्ही दोघं, लेकीला सोबत घेऊन, कोचला भेटा, आणि त्यानंतरच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (शाळेच्या खेळांचे प्रमुख). बोर्ड या रांगेत अगदी शेवटी येतं.

शाळा बदलायचं मनातून काढून टाका. बारावीत मैत्रिणी सोडायच्या, बदली झालेल्या खेळाडूंसाठीचे नियम सांभाळायचे, आणि नव्या शाळेचा कोच पुन्हा चौथाच.

ग्रुपवर लांबलचक लिहू नका, वाद वाढेल. 'आम्ही विचार केला, आमची सही नको. मुलगी स्वतः कोचशी बोलणार आहे,' एवढं पुरे, आणि ग्रुपमधून बाहेर पडा. मंडळातल्या त्या दोघींना मात्र फोन करा, मेसेजवर भागवू नका. टीमच्या बँक्वेटला (सीझनअखेरच्या जेवणाला) एक-दोन जणी तोंड फिरवतील. तरी जा, मिस्टरांनाही न्या, आणि जाताना शंकरपाळे करून न्या. शेंगदाण्याचं काही नको, टीममध्ये कोणाला अ‍ॅलर्जी असेल सांगता येत नाही.